ज्वालामुखीचे विष आणि समुद्रकासवे

प्रदूषणाचा विषय निघाला की, मग तो रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्याचा असो, औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा असो अथवा बंदरातील तेलगळतीचा असो, एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. निसर्ग स्वतःच केवढे प्रदूषण करतो ते पाहा! एखादा ज्वालामुखी चार दिवसांत गंधकाचा जेवढा धूर ओकतो, तेवढा आमच्या कारखान्याला वर्षभरातही ओकता यायचा नाही. मग शंख मात्र आमच्याच नावाने का? जनसुनावणीत, महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांत आणि क्वचित शिक्षकांच्या खोलीतही हे वाक्य कानावर पडते. ऐकणारा क्षणभर निरुत्तर होतो, कारण त्याचा पूर्वार्ध खरा आहे. सल्फर डायऑक्साइड, हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लांच्या वाफा, पारा, आर्सेनिक, कॅडमियम ही सारी नावे कारखान्याच्या धुराड्याशी जशी नोंदली गेली आहेत, तशीच ती ज्वालामुखीच्या मुखाशीही नोंदली गेली आहेत.

तेव्हा या दोन विषांत फरक कोणता, हा प्रश्न टाळता येत नाही. तो नुसत्या तत्त्वचर्चेने सुटण्यासारखाही नाही. त्यासाठी असा एखादा साक्षीदार हवा, की ज्याला दोन्ही विषे भोगावी लागतात. जो दीर्घायुषी आहे, हवेत श्वास घेतो, पाण्यात चरतो आणि वाळूत अंडी घालतो. म्हणजे हवा, पाणी आणि जमीन या तिन्हींचा हिशेब ज्याच्या एकाच देहात मांडला जातो. समुद्रकासव हा असा साक्षीदार आहे. आणि त्याची साक्ष ऐकण्यासाठी जगात हवाई बेटांइतकी योग्य जागा दुसरी नसेल.

कापोहोचे गायरान

मे २०१८ च्या ३ तारखेला प्रशांत महासागरातील हवाई बेटावर, किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्वेकडील उतारावर, ऐन वस्तीत जमीन भेगाळली आणि त्या भेगांतून शिलारस उसळू लागला. पुढील तीन महिन्यांत सातशेहून अधिक घरे त्याखाली गेली. सुमारे ३५ चौरस किलोमीटर भूभाग काळ्या कातळाने झाकला गेला आणि समुद्रात ८७५ एकर नवी जमीन तयार झाली. २ जूनला कापोहो गावाजवळचे ‘ग्रीन लेक’ हे गोड्या पाण्याचे जुने तळे काही तासांत वाफ होऊन नाहीसे झाले. ३ जूनच्या रात्री शिलारसाने कापोहोचा उपसागर गाठला आणि दोनच दिवसांत तो उपसागर उपसागर राहिला नाही. शेजारच्या किनाऱ्यावरील पोवळ्यांनी भरलेली उथळ डबकी, जी २००३ पासून राखीव सागरी क्षेत्र म्हणून जपली गेली होती, तीही त्याखाली गाडली गेली.

पोवळ्याला पळता येत नाही, कासवाला येते. त्यामुळे या स्फोटाने कासवांचे काय बिघडले, ती पोहत दुसरीकडे गेली असतील, असे म्हणणे सोपे आहे. पण प्रौढ हिरवे कासव शाकाहारी असते आणि समुद्राखालील शेवाळावर व गवतावर चरते. ही चरण्याची जागा ठरलेली असते. गावच्या गुरांना जसे आपले गायरान ठाऊक असते, तसे हे कासव वर्षानुवर्षे, कित्येकदा दशकानुदशके, एकाच उपसागरात चरते. अंडी घालायला शेकडो किलोमीटर दूर जाते आणि परत त्याच गायरानावर येते. कापोहो हे असे एक गायरान होते. अशा वेळी मृत कासवे मोजून हानी मोजता येत नाही. परक्या किनाऱ्यावर, आधीच चरत असलेल्या कासवांच्या गर्दीत, कमी चाऱ्यावर वाढणाऱ्या कासवाची वाढ खुंटते आणि मुळातच पंचवीस-तीस वर्षांनी येणारी प्रौढता आणखी लांबते. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

शिलारसाबरोबर आले ते विष. त्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे किलाउएआतून दररोज पन्नास हजार टनांहून अधिक सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. हवेतील बाष्पाशी त्याचा संयोग होऊन जे आम्लयुक्त धुके बनते, त्याला तेथील लोक ‘व्हॉग’ म्हणतात. ज्या ठिकाणी अकराशे अंश सेल्सिअस तापमानाचा शिलारस समुद्राला भिडतो, तेथे दुसराच प्रकार घडतो. खारे पाणी उकळते, त्यातील क्षारांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल बनते आणि थंड होताना फुटलेल्या शिलारसाचे काचेसारखे सूक्ष्म कण त्या वाफेत मिसळतात. या वाफेचे तिथले नाव ‘लेझ’. माणसांना तिच्यापासून दूर राहण्याच्या सूचना होत्या. तरीही १६ जुलै रोजी शिलारस पाहायला गेलेल्या प्रवाशांच्या बोटीवर तापलेले दगड येऊन आदळले आणि तेवीस जण जखमी झाले. कासवांना सूचना देणारे कोणी नव्हते.

श्वास, चारा आणि वाळू

ज्वालामुखीचे विष कासवाच्या देहात नेमके कोठून शिरते, हे समजून घेण्यासारखे आहे. पहिली वाट श्वासाची. समुद्रकासव पाण्यात राहत असले तरी त्याला माशासारखे कल्ले नाहीत. त्याला फुप्फुसे आहेत आणि हवा घेण्यासाठी वर यावेच लागते. माणूस साधा श्वास घेतो तेव्हा फुप्फुसातील हवेचा लहानसा अंश बदलतो. कासव मात्र वर येऊन एका दमात फुप्फुसातील निम्म्याच्या आसपास हवा बदलून घेते आणि ती छातीत कोंडून खाली जाते. विश्रांती घेणारे हिरवे कासव त्या एका साठ्यावर तास-तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ तळाशी राहू शकते. आता त्या श्वासात राखेचे कण अथवा आम्लाची वाफ आली, तर ती तेवढा वेळ, तीही पाण्याच्या दाबाखाली, फुप्फुसाच्या नाजूक अस्तराशी बसून राहते. कासवाला उरोदर पटल नाही, त्यामुळे आपल्याप्रमाणे ठसका देऊन घाण बाहेर फेकण्याची त्याची शक्ती तोकडी आहे. तेलगळतीच्या अभ्यासातून असेही दिसले आहे, की पृष्ठभागावर तवंग असला म्हणून कासव तेथे श्वास घेण्याचे टाळत नाही. राखेच्या बाबतीत ते अधिक शहाणपणा दाखवील, असे मानायला आधार नाही.

दुसरी वाट चाऱ्याची. राख पाण्यात बसते, शेवाळ झाकते, प्रकाश अडवते. पाण्याचे रसायनही पालटते. २०११ च्या ऑक्टोबरात कॅनरी बेटांपैकी एल इएरो या बेटालगत समुद्राखाली उद्रेक झाला, तेव्हा पाण्याचा सामू काही ठिकाणी २.८ ने घसरला. सामू एकाने घटला की आम्लता दहापट होते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको; २.८ म्हणजे सहाशे पटींहून अधिक. मेलेले मासे लाटांवर तरंगले आणि तेथील कोळ्यांना मासेमारी थांबवावी लागली. मार्च २०१२ मध्ये उद्रेक संपला आणि पुढे काही वर्षांत मासे परतले, हेही लगेच सांगितले पाहिजे. हवाईत तर २०१८ च्या उद्रेकाने समुद्रात शिलारस शिरल्यावर काही दिवसांतच वनस्पती प्लवकांचा मोठा बहर आला. शिलारसात नत्र जवळजवळ नसते. मग हा बहर कशाने आला? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उलगडा केला, की खोलवर गेलेल्या शिलारसाने तळाचे नत्रयुक्त पाणी तापवले आणि ते वर ढकलले गेले. ज्या हाताने विष कालवले, त्याच हाताने खतही घातले होते.

जड धातूंचा हिशेब अधिक किचकट आहे. ज्वालामुखीतून निघालेला पारा आणि कॅडमियम शेवाळात, शिंपल्यात, खेकड्यात शिरतात. हिरवे कासव वनस्पतीवर जगते म्हणून खेकडे-शिंपले खाणाऱ्या लॉगरहेड कासवापेक्षा त्याच्या अंगात पारा कमी साठतो; पण कॅडमियम त्याच्याही मूत्रपिंडात आणि तांबे यकृतात साठत जाते, आणि आयुष्य मोठे असल्याने संचयही मोठा होतो. मादीच्या देहातील या धातूंचा काही भाग अंड्यांत उतरतो. मात्र कासवाच्या मूत्रपिंडात सापडलेल्या कॅडमियमच्या कणावर तो कोठून आला याचा शिक्का नसतो. एकूण बेरीज मात्र ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार मानवी उद्योगांतून दरवर्षी दोन हजार टनांहून अधिक पारा हवेत जातो. ज्वालामुखी आणि तत्सम भूगर्भीय मार्गांनी जाणारा पारा सुमारे पाचशे टन. ‘निसर्गही करतोच की’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

एक विष असे आहे, की ते रासायनिक नाहीच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या दक्षिणेस फुकुतोकु-ओकानोबा या समुद्राखालील ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि टाचा घासण्याच्या वजरीसारख्या सच्छिद्र, हलक्या दगडांचे तांडेच्या तांडे समुद्रावर तरंगत निघाले. ऑक्टोबरमध्ये ते ओकिनावाच्या बंदरांत घुसले. तेथे जाळ्यांत पाळलेले मासे हे खडे खाद्य समजून गिळून मेले. कासवाचे पिल्लू किनाऱ्यावरून निघाले की आरंभीची काही वर्षे खुल्या समुद्रात, तरंगत्या शेवाळाच्या आणि कचऱ्याच्या सोबतीने काढते आणि दिसेल ते तोंडात घालते. अशा पिल्लांच्या पोटात प्युमिसचे हे खडे सापडल्याच्या नोंदी पूर्वीपासून आहेत. आता त्यांच्या जोडीला प्लास्टिक सापडते. खडा झिजून वाळू होतो. प्लास्टिक झिजते तेही बारीक प्लास्टिकच होते.

तिसरी वाट अंड्यांची. वाळूत हात-दीड हात खोल पुरलेली शंभर-सव्वाशे अंडी सुमारे दोन महिने वाळूच्या कणांमधील पोकळीतून श्वास घेत असतात. तिच्यावर बारीक राखेचा अथवा पावसाने वाहून आणलेल्या चिखलाचा थर बसला, तर ती गुदमरतात. कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेराट बेटावर १९९५ पासून सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखीने राजधानी प्लीमथ गाडली आणि बेटाचा दक्षिणेकडील मोठा भाग निर्मनुष्य केला, तेव्हा तिकडचे किनारेही राख-चिखलाखाली गेले. शिवाय ज्वालामुखीची वाळू काळी असते आणि काळी वाळू अधिक तापते. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याभोवतालच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर मादी अधिक, खाली नर अधिक, आणि फारच वर गेले तर पिल्लेच दगावतात.

कोनाच्या किनाऱ्याची साक्ष

एवढे वाचल्यावर कोणासही वाटेल, की ज्वालामुखीच्या सावलीत राहणारी कासवे रोगट असली पाहिजेत. येथेच साक्षीदार आपल्याला चकित करतो.

हवाईच्या हिरव्या कासवांना गेली अनेक दशके एका भयंकर रोगाने छळले आहे. डोळ्यांवर, तोंडात, मानेवर, वल्ह्यासारख्या पायांवर फुलकोबीसारख्या गाठी येतात. काहींच्या फुप्फुसात आणि मूत्रपिंडातही येतात. कासव आंधळे होते, त्याला चरता येत नाही, आणि अखेर ते किनाऱ्याला लागून मरते. फायब्रोपॅपिलोमा हे त्याचे नाव. हवाईत तो प्रथम १९५८ मध्ये आढळला. नागीण ज्या विषाणूकुलामुळे होते, त्याच कुलातील एका विषाणूशी त्याचा संबंध आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत तो शिगेला पोहोचला आणि पुढे ओसरत गेला. तो कोठे अधिक होता? ओआहू बेटावरील कानेओहे उपसागरात, ज्यात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत शहराचे सांडपाणी सोडले जात असे. माउई बेटाच्या वस्तीने व शेतीने गजबजलेल्या किनाऱ्यावर. आणि कोठे जवळजवळ नव्हता? खुद्द ज्वालामुखी असलेल्या हवाई बेटाच्या पश्चिमेकडील कोना किनाऱ्यावर.

कोना हा किनारा व्हॉगपासून दूर आहे असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती उलट आहे. किलाउएआचा धूर ईशान्येकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांनी बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेमका कोनाच्या किनाऱ्यावर येऊन साचतो. १९८३ ते २०१८ अशी पस्तीस वर्षे किलाउएआ जवळजवळ अखंड धुमसत होता आणि कोनाचे रहिवासी व्हॉगविषयी तक्रार करीत होते. त्याच किनाऱ्यावरील कासवे या गाठींपासून इतकी मुक्त होती, की रोगी कासवांच्या रक्ताशी तुलना करण्यासाठी निरोगी कासवांचे नमुने शास्त्रज्ञ तेथून घेत.

यावरून व्हॉग निरुपद्रवी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. विषाणू कोठे पसरला नाही याला कारणे अनेक असू शकतात. शेतांतून आणि वस्त्यांतून वाहून येणाऱ्या नत्रावर फोफावणाऱ्या परदेशी शेवाळामुळे रोगाला बळ मिळते, असे एक मत २०१० नंतर मांडले गेले. त्यावर वादही झाला. पण एवढे निश्चित, की पस्तीस वर्षांच्या गंधकाच्या धुराने जे केले नाही, ते गटारांच्या, उसाच्या मळ्यांच्या आणि बंगल्यांच्या शेजारी घडले.

आणखी एक आकडा याहून बोलका आहे. हवाई बेटांतील नव्वद टक्क्यांहून अधिक हिरवी कासवे अंडी घालण्यासाठी वायव्येस शेकडो किलोमीटर दूर असलेल्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स या चिमुकल्या बेटांच्या पुंजक्यावर जातात. जॉर्ज बालाझ या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये तेथील ईस्ट आयलंडवर अंडी घालणाऱ्या माद्या मोजल्या, तेव्हा त्या ६७ भरल्या. हॉटेलांतील चवीसाठी चाललेल्या शिकारीने ही पाळी आणली होती. १९७४ मध्ये राज्याने निर्बंध घातले आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने कासवांना संरक्षण मिळाले. त्यानंतर ही संख्या वर्षाला सुमारे पाच टक्क्यांनी वाढत शेकड्यांत गेली. ही वाढ झाली तो काळ आणि किलाउएआच्या अखंड उद्रेकाचा काळ एकच आहे. ज्वालामुखी पेटता असताना कासवे वाढली. कारण सुरी थांबली होती.

सह्याद्रीचे वय आणि कासवाचे वय

या सहनशक्तीचे मूळ फार जुने आहे आणि ते शोधायला मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. ज्या कातळावर रायगड उभा आहे, ज्यात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरांवर थर ओतल्या गेलेल्या शिलारसाचा आहे. किलाउएआचा २०१८ चा उद्रेक त्यापुढे चुलीतल्या निखाऱ्याएवढा. त्या काळाच्या गाळात जगात ठिकठिकाणी पाऱ्याचे प्रमाण वाढलेले सापडते आणि भूशास्त्रज्ञ त्यावरून दख्खनच्या उद्रेकांचा माग काढतात. त्याच सुमारास मेक्सिकोत अशनी कोसळला. डायनोसॉर यांपैकी कशाने संपले, हा वाद अजून रंगतो. समुद्रकासवांचा वंश त्या वेळीही कोट्यवधी वर्षांचा जुना होता, आणि तो तगला. आज वेळासच्या वाळूत अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले मादीचा पूर्वज सह्याद्रीहून वडील आहे.

तग धरणे म्हणजे सुखरूप राहणे नव्हे. त्या काळी कासवे मेली नसतील असे नाही. सगळी मेली नाहीत, एवढेच. ते कसे, याची कल्पना दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन या ज्वालामुखी बेटावरून येते. तेथे फिक्या वाळूचा एक किनारा आहे आणि काही किलोमीटरवर काळ्या वाळूचा दुसरा. दोहोंच्या उष्णतेत दोन अंशांहून अधिक फरक. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हीकडील अंडी सारख्याच तापमानात उबवून पाहिली, तेव्हा काळ्या, तप्त किनाऱ्यावरील माद्यांची पिल्ले अधिक उष्णतेत अधिक संख्येने जगली. एकाच बेटावर, हाकेच्या अंतरावर, कासवांनी ज्वालामुखीच्या वाळूशी जुळवून घेणारे घराणे तयार केले आहे. परंतु त्याला पिढ्या लागल्या. कासवाची एक पिढी म्हणजे पंचवीस-तीस वर्षे. आणि जुळवून घेण्यासाठी निवडीला वाव लागतो: किनारे पुष्कळ हवेत, माद्या पुष्कळ हव्यात, एक बुडाला तर दुसरा हवा.

तो वाव कसा आक्रसतो, हे त्याच २०१८ च्या ऑक्टोबरात दिसले. वालाका नावाचे चक्रीवादळ फ्रेंच फ्रिगेट शोल्सवरून गेले आणि जेमतेम अकरा एकरांचे ईस्ट आयलंड जवळजवळ वाहून गेले. हवाईच्या हिरव्या कासवांपैकी निम्म्या माद्या तेथे अंडी घालत. उरल्या बेटांपैकी टर्न आयलंड हे मोठे. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने तेथे धावपट्टी बांधण्यासाठी लोखंडी पत्र्यांची भिंत उभारली. ती आता गंजून फाटली आहे आणि तिच्या फटींत कासवे अडकून मरतात. जूनमध्ये कापोहोला गायरान गेले, ऑक्टोबरमध्ये घर गेले. पहिले ज्वालामुखीने नेले. दुसरे वादळाने नेले, पण समुद्र तापवून वादळांना बळ देण्यात आपला वाटा किती, हा प्रश्न तेथे रेंगाळतो.

हवाईतच चोचीचे कासव, म्हणजे हॉक्सबिल, याची स्थिती पाहिली तर हा हिशेब आणखी स्पष्ट होतो. त्याच्या पाठीच्या सुंदर शिंगी पत्र्यांपासून फण्या आणि डब्या करण्याच्या हौसेपायी जगभर त्याची कत्तल झाली. आज साऱ्या हवाई बेटांत वर्षाला अंडी घालणाऱ्या माद्या वीसच्या आत असतात, आणि त्यांतील बहुतेक किलाउएआ व मौना लोआ यांच्या पायथ्याशी असलेल्या काउ किनाऱ्यावर येतात. शेकडो माद्या असलेल्या हिरव्या कासवाला जो उद्रेक एक वाईट वर्ष म्हणून सोसता येईल, तोच उद्रेक या वीस माद्यांच्या किनाऱ्यावर झाला तर? विष तेच, ज्वालामुखी तोच. आपण आधी किती शिल्लक ठेवली होती, त्यावर निकाल ठरेल.

अंदमानात

हा प्रश्न परदेशचा म्हणून सोडून देता येत नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्रीविजयपुरम) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून १९९१ मध्ये तो पुन्हा पेटला आणि त्यानंतर अधूनमधून धुमसत आहे. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधू संकल्प’ या जहाजावरून त्या भागात तळाचे नमुने घेत असताना त्याने अचानक राख ओकायला सुरुवात केली. त्यांनी सुरक्षित अंतरावरून निरीक्षण केले आणि पाण्याचे व गाळाचे नमुने आणले.

बॅरन बेटाला पेटवणारी भूकवचाची हालचाल आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी उठवणारी हालचाल एकाच साखळीतील. त्या त्सुनामीने ग्रेट निकोबारवरील गलाथिया उपसागराचा किनारा गिळला, जेथे जगातील सर्वांत मोठे कासव, लेदरबॅक, अंडी घालते. काही वर्षांत समुद्राने वाळू परत आणून टाकली आणि कासवेही परतली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्याच गलाथिया उपसागराच्या अभयारण्याचा दर्जा काढण्यात आला, आणि तेथे होऊ घातलेल्या मालवाहू जहाजांच्या मोठ्या बंदराला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. कासवांसाठी किनाऱ्याचा काही भाग मोकळा ठेवला जाईल, असे सरकारचे म्हणणे आहे. त्सुनामीनंतर वाळू परत आली, तशी धक्क्याच्या काँक्रीटखालून ती येणार नाही, हे आमचे म्हणणे आहे.

हे बंदर व्हावे की नाही याचा निर्णय दिल्लीत होतो. एक काम मात्र त्या निर्णयावाचून अडलेले नाही. ज्वालामुखी पेटल्यावर घेतलेल्या कासवाच्या रक्ताचा नमुना एकटा काहीच सांगत नाही. त्याच कासवांचे पेटण्यापूर्वीचे नमुने असतील तरच तो बोलतो. हवाईत कोनाच्या कासवांचे रक्त आणि बालाझ यांची १९७३ पासूनची मोजणी हाताशी होती, म्हणूनच वरचे सारे सांगता आले. आपल्याकडे मोजणीची सवय आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने घरटी राखली आणि मोजली. अंदमानातही माद्यांना खुणेचे बिल्ले लावले जातात. बिल्ला लावण्यासाठी कासव हाती आलेच आहे, तर त्याच वेळी मानेच्या शिरेतून काही मिलिलिटर रक्त काढून त्यातील पारा, कॅडमियम आणि पेशींचे प्रमाण नोंदवून ठेवायला प्रशिक्षित हात आणि शीतपेटी एवढेच अधिक लागते. बॅरन बेट पुन्हा पेटेल तेव्हा त्या वहीत जुनी पाने असायला हवीत.